तट आणि दरवाजे : पेशीपटलाच्या शोधाची कथा

सह्याद्रीतला एखादा गड पाहावयास गेले म्हणजे पाहणाऱ्याची नजर प्रथम तटावर खिळते. त्याची उंची, त्याची रुंदी, कड्याच्या अगदी टोकावर रचलेले ते अजस्र चिरे पाहून मन थक्क होते. परंतु गडाचा खरा कारभार तटावर चालत नसे. तो दरवाजावर चाले. धान्याच्या गोणी, दारूगोळा, जासूद, पाहुणा, हेर यांपैकी कोणाला आत घ्यावे, कोणाला बाहेर काढावे आणि कोणाला उंबरठ्यावरच थोपवावे, याचा निवाडा तेथे होई. तट नुसता उभा असतो. निर्णय घेतो तो दरवाजा.

सजीवांच्या शरीरातील प्रत्येक पेशीला असाच एक तट आहे. शास्त्रज्ञ त्याला पेशीपटल म्हणतात. तो इतका पातळ आहे की अशी सव्वा लाख पटले एकावर एक रचली, तर त्यांची उंची जेमतेम एक मिलिमीटर भरेल. एवढ्याशा पापुद्र्याच्या आत जीवन आहे आणि त्याच्या बाहेर निर्जीव सृष्टी आहे. हा पापुद्रा फाटला की पेशी संपली. मनुष्याने हा तट आधी कल्पिला, मग मोजला, मग डोळ्यांनी पाहिला आणि त्यातले दरवाजे मात्र सर्वांच्या शेवटी ओळखले. ह्या प्रवासाला दोन शतकांहून अधिक काळ लागला. ह्या दरवाजांपैकी एकाचे ज्ञान झाल्यामुळे पटकीने मरणारी असंख्य माणसे वाचली, आणि तो अध्याय बराचसा आपल्याच देशात, बंगालच्या भूमीवर लिहिला गेला. म्हणून ही कथा केवळ शास्त्रज्ञांची म्हणून बाजूला ठेवावी असे आम्हांला वाटत नाही.

पेशी प्रथम दिसली ती इंग्लंडात रॉबर्ट हुक ह्याला. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने बुचाच्या पातळ कापाचे चित्र दिले आणि मधाच्या पोळ्यातील घरांसारख्या रिकाम्या कोठड्यांचे वर्णन केले. पण हुकने पाहिल्या त्या मृत वनस्पतीच्या जाड भिंती होत्या. घरातला रहिवासी केव्हाच निघून गेला होता. पुढे १८३८ आणि १८३९ साली श्लायडेन व श्वान ह्या जर्मन पंडितांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले आहेत हे मांडले, तेव्हा एक अडचण उभी राहिली. प्राण्यांच्या पेशींना तशी जाड भिंत नसते. मग आतला जीवरस बाहेरच्या पाण्यात विरघळून का जात नाही?

ह्या प्रश्नाची खूण आपल्या स्वयंपाकघरातही सापडते. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. पेशीतले पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढले जाते, ही ती क्रिया. बीटाचे काप स्वच्छ धुऊन गार पाण्यात ठेवले, तर पाण्याला रंग फारसा चढत नाही. तेच काप उकळले की पाणी लालभडक होते. म्हणजे जिवंत पेशीच्या कडेला असे काहीतरी आहे, जे पाण्याला जाऊ देते पण रंगाला अडवते. आणि उष्णतेने ते नष्ट होते. वनस्पतींवर असेच बारकाईचे प्रयोग करून व्हिल्हेल्म फेफर ह्याने १८७७ साली प्रतिपादन केले की जीवरसाच्या कडेला एक अतिसूक्ष्म पटल असले पाहिजे आणि आत-बाहेर काय जावे हे तेच ठरवीत असले पाहिजे. ते त्याला दिसले नाही. दिसणे शक्यही नव्हते. प्रकाशाच्या साहाय्याने चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला जेवढे बारीक दिसू शकते, त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकेच ते पटल जाड होते.

जे दिसत नाही ते मोजावयाचे कसे? ह्याचे उत्तर एका तळ्यावर सांडलेल्या तेलात दडलेले होते. १७५७ साली समुद्रप्रवास करीत असता बेंजामिन फ्रँकलिन ह्याच्या ध्यानात आले की ताफ्यातील दोन जहाजांच्या मागचे पाणी विलक्षण शांत आहे. आचाऱ्यांनी तेलकट पाणी ओतले असेल, असे कप्तानाने त्याला सांगितले. फ्रँकलिनने ती गोष्ट मनात ठेवली आणि पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतून पाहिले. तेल पसरत पसरत गेले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे सपाट झाले. ही हकिकत १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. फ्रँकलिनने एक साधा भागाकार मात्र केला नाही. चमच्यात चार घनसेंटिमीटर तेल धरले आणि अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर धरले, तर तेलाच्या थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट येते. तेलाचा एक रेणू जेवढा लांब, जवळजवळ तेवढीच ही जाडी. रेणूची लांबी त्या तळ्यावर पसरलेली होती. ती वाचणारा शंभर वर्षे कोणी निघाला नाही.

पुढचे पाऊल टाकले ते एका गृहकृत्यात गुंतलेल्या तरुणीने. जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावची अ‍ॅग्नेस पॉकेल्स ही १८६२ साली जन्मलेली मुलगी. शास्त्राची तिला विलक्षण ओढ होती. पण त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. आजारी आईबापांची शुश्रूषा आणि घरकाम हेच तिच्या वाट्याला आले. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकत होता. त्याच्याकडून मिळतील ती पुस्तके ती वाची. भांडी घासताना पाण्यावर येणारा तेलकट तवंग तिने वर्षानुवर्षे पाहिला आणि एक पन्हळीसारखे पत्र्याचे पसरट भांडे, त्यावर सरकणारी पट्टी, एक साधा काटा आणि एक बटण एवढ्या सामग्रीवर पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोजण्याचे यंत्र तयार केले. पट्टी सरकवून तवंग दाबत नेला की एका ठरावीक क्षेत्रफळाशी ताण एकदम बदलतो, हे तिला आढळले. दाटीवाटीने उभ्या असलेल्या रेणूंना आता आणखी सरकावयास जागा उरलेली नाही, असा त्याचा अर्थ होता.

१८९१ सालच्या जानेवारीत तिने आपले निष्कर्ष इंग्लंडातील विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले ह्यांना पत्राने कळविले. रॅले स्वतः त्याच विषयावर काम करीत होते. एका अनोळखी बाईचे पत्र म्हणून ते केराच्या टोपलीत गेले असते तरी कोणी दोष दिला नसता. परंतु रॅले ह्यांनी त्याचे भाषांतर करवून ‘नेचर’ नियतकालिकाकडे शिफारशीसह धाडले आणि मार्च महिन्यात ते प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युर ह्याने तशाच भांड्याची सुधारलेली आवृत्ती वापरून १९१७ साली दाखवून दिले की तवंगातील प्रत्येक रेणूचे जलस्नेही डोके पाण्यात बुडालेले असते आणि जलद्वेष्टे शेपूट वर हवेत उभे असते. लँगम्युरला १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, सत्तरीच्या घरात आलेल्या पॉकेल्सबाईंना त्यांच्या गावच्या तंत्रविद्यालयाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. घरातल्या भांड्यांतून उभ्या राहिलेल्या विद्येची दखल घ्यावयास विद्वत्सभेला चाळीस वर्षे लागली.

तेल आणि पाणी यांच्या ह्या अभ्यासाचा जीवशास्त्राशी संबंध जोडला तो अर्नेस्ट ओव्हर्टन ह्याने. झुरिच येथे राहून गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर त्याने सुमारे पाचशे निरनिराळे पदार्थ जिवंत पेशींवर वापरून पाहिले. जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीत झपाट्याने शिरतात. जे पाण्यात विरघळतात पण तेलात नाही, ते बाहेर ताटकळत राहतात, असा नियम त्याच्या हाती आला. त्यावरून त्याने अनुमान काढले की पेशीची सीमा मेदासारख्या द्रव्याची असली पाहिजे. रायगडाची हिरकणी आठवावी. दरवाजे बंद झाल्यावर ती कड्यावरून उतरून गेली, अशी कथा आहे. कारण कडा तिच्या ओळखीचा होता. मेदात मिसळणारे पदार्थ हिरकणीसारखे आहेत; त्यांना दरवाजा लागत नाही. परंतु साखर, क्षार, बरेचसे अन्न हे काही हिरकणीच्या जातीचे नव्हे, तरीही ते पेशीत पोहोचतेच. ते कोठून जाते, हा प्रश्न ओव्हर्टनपाशी शिल्लक राहिला.

१९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे एव्हर्ट गॉर्टर ह्या बालरोगतज्ज्ञाने ग्रेंडेल ह्या सहकाऱ्याबरोबर एक सुरेख हिशेब मांडला. रक्तातील तांबड्या पेशीत पेशीपटलावाचून दुसरे पटल नसते. म्हणून मनुष्य, कुत्रा, मेंढी, ससा अशा अनेकांच्या रक्तातील पेशी मोजून घेऊन, त्यांतील सगळा मेद काढून त्यांनी तो लँगम्युरच्या भांड्यातील पाण्यावर पसरला. त्याचे क्षेत्रफळ त्या पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. निष्कर्ष उघड होता : पटलात मेदाचे रेणू दोन थरांनी उभे आहेत, दोन्ही बाजूंना डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे. ह्या हिशेबाची गंमत पुढे १९६६ साली कळली. त्यांनी वापरलेल्या अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघालाच नव्हता, आणि वाळलेल्या पेशींचे क्षेत्रफळ मोजतानाही ते कमी धरले गेले होते. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आले. हिशेब तपासण्यात ज्यांची हयात गेली, अशा आमच्या वाचकांना जमा आणि खर्च दोन्हीकडे सारखीच रक्कम राहून गेल्याने जुळलेला ताळेबंद अपरिचित नसेल. मात्र येथे फरक असा की नव्या तपासणीतही मूळ शिल्लक खरी ठरली. दुहेरी थर हे सत्यच आहे.

पुढची चाळीस वर्षे ह्या दुहेरी थरात प्रथिनांची जागा कोठे, ह्या वादात गेली. १९३५ साली डॅनिएली आणि डॅव्हसन ह्यांनी पुरणपोळीसारखी रचना सुचविली : आत मेदाचे पुरण, दोन्ही बाजूंनी प्रथिनांचे पदर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर डेव्हिड रॉबर्टसन ह्याने १९५० नंतरच्या दशकात दोन काळ्या रेघा आणि मध्ये फिकट पट्टा अशी पटलाची प्रत्यक्ष छायाचित्रे मिळविली. फेफरने कल्पिलेला तट अखेर डोळ्यांना दिसला, आणि ती पोळीही खरी ठरल्यासारखी वाटली. पण १९७० साली फ्राय आणि एडिडिन ह्यांनी उंदराची व मनुष्याची पेशी एकमेकींत मिसळून, दोघींच्या पटलांतील प्रथिने निरनिराळ्या रंगांनी चमकतील अशी योजना केली. आरंभी अर्धा भाग एका रंगाचा व अर्धा दुसऱ्याचा होता. सुमारे चाळीस मिनिटांत दोन्ही रंग एकमेकांत पुरते मिसळले. पटल हे घट्ट नव्हते. ते प्रवाही होते. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन ह्यांनी आज सर्वमान्य असलेले चित्र रेखाटले : मेदाचे पातळ तळे आणि त्यात बुडालेली, तरंगणारी, आरपार गेलेली प्रथिने. ही आरपार गेलेली प्रथिने म्हणजेच दरवाजे होत.

दरवाजांचा शोध मात्र चित्राच्या आधीच सुरू झाला होता. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सुमारे तीसपट असते आणि सोडियम बाहेर आतल्याच्या सुमारे दहापट. पाणी उंचावर आपोआप चढत नाही, तसेच क्षारही दाटीच्या जागी आपोआप जात नाहीत. कोणीतरी त्यांना ढकलावे लागते. डेन्मार्कमध्ये जेन्स स्कोऊ ह्याने १९५७ साली खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंमध्ये हे ढकलणारे प्रथिन ओळखले. दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर आणि पोटॅशियमचे दोन आत, असा त्याचा रहाट अखंड चालतो. आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराच्या शक्तीचा मोठा हिस्सा ह्या रहाटावर खर्च होतो. स्कोऊला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. आणि ज्या पाण्यापासून ही कथा सुरू झाली, त्या पाण्यालाही स्वतंत्र दार आहे, हे पीटर अ‍ॅग्र ह्याने १९९२ साली सिद्ध केले. ते प्रथिन बेडकाच्या अंड्यात तयार करविले, तेव्हा साध्या पाण्यात ठेवलेली ती अंडी फुगून फुटली. ज्यांत ते नव्हते ती जशीच्या तशी राहिली.

आता आपण बंगालकडे वळू. पटकीशी आपला परिचय जुना आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने ह्या रोगाचे वर्णन करताना आपल्या ‘मोडशी’चेच एक रूप नोंदविले आहे. १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख ह्याने पटकीचे जंतू वेगळे केले. पण ते जंतू माणसाला मारतात कसे, हे पाऊणशे वर्षे नीट उलगडले नाही. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे ह्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू नव्हे, तर जंतू गाळून काढलेले नुसते द्रव घातले. आतडे पाण्याने तट्ट फुगले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगाने सिद्ध झाले की मारेकरी जंतूने सोडलेले विष आहे. पुढील संशोधनात कळले की हे विष आतड्याचे अस्तर फाडत नाही. ते पेशींच्या पटलातील क्षारांचे एक दार सताड उघडे ठेवते. क्षार बाहेर वाहतात, त्यांच्यामागोमाग पाणी वाहते, आणि धडधाकट माणूस काही तासांत वाळून मरतो. डे ह्यांना हयातीत मायदेशी फारसा मान मिळाला नाही. १९८५ साली ते निवर्तले.

१९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन ह्याने आतड्यातील दुसऱ्याच एका दाराची कल्पना मांडली. त्या दारातून साखर एकटी जात नाही. ती सोडियमला सोबत घेऊनच आत शिरते. जोडीने आले तरच प्रवेश, असा तेथला दंडक. पटकीचे विष ह्या दाराला हात लावीत नाही. म्हणजे एका दाराने शरीर रिकामे होत असताना दुसऱ्या दाराने ते भरता येईल. अट एवढीच की पाण्यात मीठ आणि साखर दोन्ही, योग्य प्रमाणात असली पाहिजेत. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी ह्यांनी १९५३ सालीच पटकीच्या १८६ रुग्णांना मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजल्याची हकिकत छापली होती. ती मागे पडली. कारण ‘असे का’ ह्याचे उत्तर तेव्हा कोणापाशी नव्हते. ते उत्तर मिळाल्यावर १९६८ साली ढाक्यात नालिन आणि कॅश ह्यांनी तोच उपाय पद्धतशीर सिद्ध केला.

तरीही तो इस्पितळापुरताच राहिला असता. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव येथे पटकी उसळली. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस ह्यांच्यापुढे दोनच मार्ग होते : साठा येईतो वाट पाहावी, किंवा अशिक्षित नातेवाइकांच्या हाती तोंडाने पाजावयाचे पाणी द्यावे. वैद्यकातील प्रचलित मत दुसऱ्या मार्गाच्या विरुद्ध होते. महालनबीसांनी तो पत्करला. एक लिटर पाण्यात ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम. पिंपे भरून ठेवली, आणि आयांनी, भावांनी, मुलांनी पेले भरभरून आपल्या माणसांना पाजले. जेथे शंभरांतले सुमारे तीस दगावत होते, तेथे ते प्रमाण चारांच्या खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ने ह्या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हणून गौरविले. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर, देण्यात आले.

एका राष्ट्राच्या सीमेवर, पेशीच्या सीमेचे ज्ञान असे उपयोगी पडले. आज कोणत्याही आरोग्यकेंद्रात मिळणारी क्षारांची पुडी हे त्या ज्ञानाचेच रूप होय. २००२ साली तिचे प्रमाण सुधारून लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम व मीठ २.६ ग्रॅम असे ठरले. कोकणातील मीठ घातलेली भाताची पेजही आजाऱ्याला तरतरी देते, त्यामागे हेच दार आहे. भातातील पिष्टाची आतड्यात साखर होते आणि ती मिठाला सोबत घेऊन आत जाते.

ह्या इतिहासात एक गोष्ट आम्हांला पुनःपुन्हा दिसते. तळ्यावरचे तेल, भांड्यातला तवंग, चॅटर्जींचा पेला, डे ह्यांचा ससा ह्या सर्वांनी सत्य अगोदरच दाखविले होते. उशीर झाला तो ते ओळखून आत घेण्यास. पेशीपटलाला असा उशीर परवडत नाही. काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे ह्याचा निवाडा ते क्षणोक्षणी करते, आणि त्या निवाड्यावरच पेशी जगते. परप्रांती नोकरीनिमित्त वर्षानुवर्षे राहून, तेथले पुष्कळ काही घरात घेऊन आणि आपले काही जपून ज्यांनी संसार केले, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. नुसत्या तटाने कोणी जगत नाही आणि तट नसेल तरी जगत नाही. दरवाजावर जागे राहावे लागते.